काजूची ॲलर्जी: टरफलातली वेगळी, गरातली वेगळी

‘काजूची ॲलर्जी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे आजार वावरतात. एक टरफलातल्या तेलाचा: कातडीवर येणारा, दोन दिवसांनी उगवणारा, त्रासदायक पण सहसा जिवावर न बेतणारा. दुसरा गरातल्या प्रथिनांचा: काही मिनिटांत सगळ्या अंगाला घेरणारा आणि प्रसंगी जीव घेणारा. पहिल्याची सवय असलेली माणसं दुसऱ्याला हलक्यात घेतात आणि घात होतो. उलट, हातावर चीक उतला म्हणून एखाद्याचा आंबा, बदाम, शेंगदाणा असं सगळंच बंद केलं जातं, तेही विनाकारण. दोन्हींवर ‘काजू उष्ण पडला’ एवढंच निदान करून मोकळं होणं हा तर आपला जुनाच खाक्या.

आधी टरफल

काजूची बी मधोमध चिरली की दिसतं: बाहेर चिवट राखाडी-हिरवी साल, आत गराला बिलगलेलं कडक कवच, आणि या दोन्हींच्या मधे मधाच्या पोळ्यासारख्या बारीक पोकळ्यांचा थर. त्या पोकळ्यांत दाट, तपकिरी, झोंबणारं तेल भरलेलं असतं. टरफलाच्या वजनाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा या तेलाचाच. कच्च्या तेलात सगळ्यात जास्त ॲनाकार्डिक आम्ल, त्याखालोखाल कार्डॉल आणि थोडं कार्डनॉल. ही सगळी फिनॉल जातीची रसायनं आहेत आणि प्रत्येकाला पंधरा कार्बनची लांब शेपटी आहे. अमेरिकेतल्या ‘पॉयझन आयव्ही’ या अंगावर पुरळ उठवणाऱ्या वेलीतलं तेल, युरुशिऑल, यांचंच सख्खं भावंड. शेपटीमुळे ती पाण्यात विरघळत नाहीत, पण कातडीत मात्र सहज उतरतात. हे लक्षात ठेवलं की पुढचे बरेचसे उपाय आपोआप सुचतात.

हे तेल दोन प्रकारे त्रास देतं. कार्डॉल तीव्र असल्याने ते कुणाचीही कातडी भाजतं, त्यासाठी ॲलर्जी असावी लागत नाही. जिथे थेंब पडला तिथेच, काही तासांत आग होते, कातडी काळपटते, मग सोलपटं निघतात. ॲलर्जीची तऱ्हा वेगळी. रसायन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी त्याला परकं ठरवतात आणि लक्षात ठेवतात. पहिल्या खेपेला ही ओळख पटायला आठवडा-दोन आठवडे जातात. पुढच्या खेपेला मात्र १२ ते ७२ तासांत खाज, लाली, बारीक पाणीदार फोड येतात, आणि तेही जिथे तेल लागलेलं दिसलं त्या जागेपुरते राहत नाहीत. पापण्या सुजणं, मानेवर किंवा जांघेत उठणं ही ॲलर्जीची ठळक खूण, कारण तेलाचा हात नकळत तिथे गेलेला असतो आणि तिथली कातडी पातळ असते. तळहाताची कातडी जाड, म्हणून पुष्कळदा तळहात धड आणि डोळे मिटलेले असं चित्र दिसतं.

घरगुती पातळीवर सगळ्यात जास्त हात उततात ते ओल्या काजूगरांच्या दिवसांत. शेकड्यावर विकत मिळणारे सोललेले गर महाग का, हे एकदा बिया फोडून पाहिलं की कळतं. हिरवी बी ओली, तेलाने टच्च भरलेली. कोयतीने किंवा विळीवर तिचे उभे दोन भाग करताना चीक उडतो तो बहुतेकदा मनगटावर आणि चेहऱ्यावर. म्हणून:

हाताला आधी खोबरेल किंवा एरंडेल सढळ चोपडायचं, नखांच्या कडांना, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटापर्यंत. चीक तेलात मिसळतो आणि कातडीत मुरायला वेळ लागतो. पण हे कवच कायमचं नाही. दर १५-२० मिनिटांनी हात कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेल लावायचं. राख लावायची पद्धतही चालते, राख चीक शोषून घेते. मात्र घामाने ओली झालेली राख काही कामाची नाही. हातमोजे घालायचे तर दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे नकोत, त्यांतून ही रसायनं पार होतात. जाड नायट्राइलचे घ्यावेत, आत सुती मोजे घालावेत, आणि भोक पडलं की लगेच टाकून द्यावेत. भोक पडलेला मोजा उघड्या हाताहून वाईट, कारण आत शिरलेला चीक घामाबरोबर तासभर दाबून धरला जातो.

गर हाताने उपटण्याऐवजी टोकदार काडीने उचलावा. आतली तांबूस साल काढायला गर गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवतात. त्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पाणी फेकून नवं घ्यायचं, कारण तोच तवंग गरावर बसून उसळ खाणाऱ्याच्या ओठांना लागतो. कोयती, विळी आणि पाट आधी खाण्याच्या तेलाने पुसून मग साबणाने धुवावे. लाकडी पाट त्या दिवशी दुसऱ्या कशाला वापरू नये.

चीक लागलाच तर पाण्याखाली हात धरणं हा पहिला उपाय नव्हे. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यायचा, घासायचा नाही. मग खोबरेल किंवा गोडं तेल लावून पुसून काढायचं, आणि नंतर साबण व भरपूर गार पाणी, असं दोन-तीनदा. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत झालं तर बराच त्रास वाचतो. रॉकेल वापरू नये. त्याने चीक निघतो, पण कातडीचं नैसर्गिक तेलही निघून जातं आणि जे उरलं ते अधिक आत जातं. नखांखाली ब्रश फिरवावा. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत, नाहीतर बाह्यांना लागलेला चीक आठवडाभराने पुन्हा लागतो. डोळ्यात उडाला तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच डोळ्यांचे डॉक्टर.

फोड आल्यावर ते फोडू नयेत. फोडातलं पाणी लागून पुरळ पसरतं ही समजूत चुकीची आहे. नवे चट्टे उठतात ते जिथे कमी तेल लागलं होतं तिथे उशिरा उठतात म्हणून. पुरळ दोन-तीन आठवडे टिकतं. गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन आणि डॉक्टरांनी दिलेलं पुरेशा ताकदीचं स्टिरॉइड मलम एवढं बहुतेकांना पुरतं. चेहरा, गुप्तांग किंवा अंगाचा मोठा भाग उठला असेल तर पोटातून स्टिरॉइड लागतं, आणि ते कमी करत करत दोन-तीन आठवडे द्यावं लागतं. चार-पाच दिवसांचा कोर्स देऊन थांबवलं की पुरळ उसळून येतं आणि औषध लागू पडलं नाही असा गैरसमज होतो. सेटिरिझिनसारख्या खाजेच्या गोळीने रात्री झोप लागेल, पुरळ हटणार नाही. दुकानातून मागून आणलेली स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं मात्र अजिबात नकोत. त्यांनी मूळ आजाराचं रूपच बदलून जातं आणि नंतर पाहणाऱ्याला काही ओळखू येत नाही.

कारखान्यात बिया वाफवून, थंड करून, मग पायाने किंवा हाताने चालणाऱ्या कटरवर फोडतात. वाफेने टरफल ठिसूळ होतं आणि गर अखंड निघतो, पण तेल टरफलातच राहतं. म्हणजे कटरवर बसणाऱ्या बाईच्या हाताला धोका तसाच. कडक भाजलेल्या बीत ॲनाकार्डिक आम्लाचं बरंचसं कार्डनॉलमध्ये रूपांतर होतं आणि पुष्कळ तेल बाहेर पडतं. तिथे धोका धुराचा. टरफलं बंबात किंवा चुलीत जाळतात तेव्हा तो धूर तोंडावर घेऊ नये. चेहरा सुजून डोळे चिकटलेल्या माणसाने बीला हातही लावलेला नसतो, असं होऊ शकतं.

हे तेल पोटातूनही काम करतं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघटनेने विकलेले काजू खाऊन ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखं पुरळ उठलं. काजू मोझांबिकहून आलेले होते आणि पाकिटांत टरफलाचे तुकडे होते. अशा वेळी पुरळ एक ते तीन दिवसांनी येतं आणि ठरावीक जागी: काखा, जांघा, कुल्ले, कोपरांच्या घड्या. गुदाजवळ खाजही सुटते. ‘कच्चे’ म्हणून विकलेल्या, हाताने सोललेल्या काजूंनंतर असं काही झालं तर संशय गरावर घेण्याआधी तेलावर घ्यावा.

काजूचं गणगोत

ही सगळी मंडळी ॲनाकार्डिएसी कुळातली: काजू, आंबा, बिबा, चारोळी, पिस्ता, अंबाडा, सह्याद्रीतला रानबिबा, जपानी लाखेचं झाड, पॉयझन आयव्ही. नातं आहे म्हणून सगळेच सगळ्यांना बाधतात असं नाही, आणि कोण कुणाला बाधतो ते तेलाच्या बाबतीत वेगळं, प्रथिनांच्या बाबतीत वेगळं.

तेलाच्या बाबतीत बिबा सगळ्यांत तिखट. काटा मोडल्यावर बिब्याचा चटका, टाचेच्या भेगांना बिब्याचं तेल, हे अजून चालतं, आणि बिबा उतलेले पाय घेऊन माणसं दवाखान्यात येतात तेही चालूच आहे. कपड्यांवर खूण करायला धोबी बिब्याची शाई वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर बरोबर त्या खुणेच्या जागी चट्टे उठले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ नावाने कायमचे नोंदले गेले. त्यातल्या अनेकांना लहानपणीच पॉयझन आयव्हीची ॲलर्जी जडलेली. बिब्याला त्यांची कातडी ओळखत होती. आयुर्वेदात भल्लातक म्हणजे बिबा देण्याआधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल काढतात ते उगाच नाही. घरी बिबा उगाळून खाण्याचे प्रयोग करू नयेत. रानबिबा घाटातल्या जंगलात भेटतो, खोडावर काळे ओघळ दिसले की हात लावायचा नाही.

आंब्याचा चीक देठाशी असतो. देठ मोडला की पहिल्या काही क्षणांत चिकाची पिचकारी उडते, म्हणून जाणती माणसं झेल्याने आंबा देठासकट उतरवतात. सालीतही थोडी रसायनं असतात, गरात जवळजवळ नाहीत. त्यामुळे चोखून आंबा खाणाऱ्याच्या ओठांभोवती एक-दोन दिवसांनी पुरळ आलं तर आंबा सोडायचं कारण नाही. दुसऱ्या कुणीतरी धुऊन, सोलून, कोयीजवळचा भाग वगळून फोडी द्याव्यात. अमेरिकेत बागकाम करताना पॉयझन आयव्ही लागलेली मंडळी मे महिन्यात गावी येऊन दाताने साल सोलतात आणि मग ‘इकडचं हवामान सोसलं नाही’ म्हणतात, त्यांच्यासाठी हे खास.

बोंडू खाल्ल्यावर घसा खवखवतो तो मुख्यतः त्यातल्या तुरट द्रव्यांनी. मिठाच्या पाण्यात फोडी ठेवल्या की कमी होतो. बी पिळून काढताना सांध्याशी चीक लागतो, तेवढा भाग कापून टाकावा.

आता गर

इथून नियम बदलतात. गरातली तीन प्रथिनं महत्त्वाची: ॲना ओ १, ॲना ओ २ आणि ॲना ओ ३. शेवटचं लहान, गाठ मारल्यासारखं घट्ट, उष्णतेला आणि जठररसाला दाद न देणारं. म्हणून ‘भाजलेला काजू चालतो, कच्चा बाधतो’ हा टरफलाच्या तेलाबाबतीत थोडाफार खरा असलेला नियम इथे पूर्ण खोटा. भाजा, तळा, ग्रेव्हीत शिजवा, प्रथिन तसंच राहतं. मात्रा फार लागत नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीपेक्षा काजूची प्रतिक्रिया पुष्कळदा जास्त तीव्र असते.

खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत लक्षणं दिसतात. तोंडात खाज, ओठ सुजणं, अंगावर गांधी, पोटात कळ, उलट्या. आपल्याकडे गांधी उठल्या की पित्त म्हणून आमसुलाचं पाणी लावतात. नुसत्या गांधी असतील तर त्याने फार बिघडत नाही. पण गांधींबरोबर दम लागणं, घोगरा आवाज, सतत उलट्या, चक्कर, मूल अचानक मलूल पडणं यांपैकी काहीही असेल तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगाला घेरणारी जीवघेणी ॲलर्जी, समजायचा. कधी गांधी उठतच नाहीत. ज्याला काजूची ॲलर्जी माहीत आहे त्याला काजू पोटात गेल्यावर नुसता दम लागला तरी पुरे.

उपाय एकच, ॲड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर. मुलाला वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिलिटर, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५, आणि मुलांत कमाल ०.३. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नाही तर दुसरा डोस. दवाखान्यात अजूनही अनेकदा आधी फेनिरामाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन टोचून वाट पाहिली जाते. पहिलं खाज कमी करतं, दुसऱ्याला काही तास लागतात. श्वासनलिका उघडण्याचं आणि रक्तदाब सावरण्याचं काम दोघांपैकी एकही वेळेत करत नाही. ॲड्रेनालिन मागायला नातेवाइकांनी संकोच करू नये.

परदेशात ठरलेला डोस भरलेली पेनं मिळतात, साधारण ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅमची. भारतात ती सहजी मिळत नाहीत, त्यामुळे ज्यांना धोका आहे त्यांना डॉक्टर ॲम्प्यूल आणि सिरिंज देऊन शिकवतात. इथे एक चूक नेमकी होते: घरात असलेली इन्सुलिनची सिरिंज उचलली जाते. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, मिलिलिटरच्या नाहीत. आणि तिची सुई इतकी आखूड की औषध स्नायूपर्यंत पोचत नाही. १ मिलिलिटरची शतांशाच्या खुणा असलेली सिरिंज आणि एक इंच सुई हवी. डोस त्या मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून कागदावर लिहून पाकिटातच ठेवावा आणि वजन वाढेल तसा बदलून घ्यावा. ॲम्प्यूल उन्हात, गाडीत ठेवू नये. द्रव तपकिरी दिसला किंवा तारीख उलटली तर फेकून द्यावी.

टोचल्यावर माणसाला आडवं झोपवून पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवावं, पण उभं करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नये. रक्तदाब पडलेला असताना उठवल्याने मृत्यू झालेले आहेत. १०८ ला फोन. बरं वाटलं तरी दवाखान्यात निदान चार ते सहा तास, कारण काही जणांत लक्षणं पुन्हा उलटतात. दमा आटोक्यात नसलेल्या माणसाला धोका जास्त. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांवर ॲड्रेनालिनचा परिणाम कमी दिसतो, हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

या आजारातलं गणगोतही वेगळं. पिस्ता काजूचा जुळा भाऊच. पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या जवळजवळ सगळ्यांना काजू बाधतो. काजूची ॲलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांना पिस्ता बाधतो, काहींना नाही. गुलाबी मिरी म्हणून चौरंगी मिरीच्या बाटल्यांत येते ती याच कुळातली आणि तिच्याने प्रतिक्रिया आलेल्या आहेत. आपली काळी मिरी वेगळ्या कुळातली, तिची भीती नको. आंब्याचा गर यातल्या बहुतेकांना चालतो. डिंकाच्या लाडवात पडणारी गोडंबी म्हणजे बिब्याचा गर, आणि श्रीखंड-बासुंदीवरची चारोळी त्याच कुळातली. तज्ज्ञाने तपासून होकार दिल्याशिवाय दोन्ही बंद. गोडंबीवर टरफलाचं तेल लागलेलं असण्याचा धोका आणखी वेगळा.

तपासणी म्हणजे टोचून केलेली त्वचाचाचणी किंवा रक्तातली काजूची विशिष्ट आयजीई (ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं), आणि शक्य असेल तिथे ॲना ओ ३ ची. त्वचाचाचणीआधी पाच-सात दिवस सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा कोरा येतो. उलट, एकाच रक्तात शंभर-दोनशे पदार्थांची यादी तपासून देणारी पॅकेजं घेऊ नयेत: आकडा वाढलेला असणं म्हणजे ॲलर्जी नव्हे, आणि आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या तर पैसे घालवणं आहे. टरफलाच्या तेलासाठी पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्टी लावून केलेली चाचणी, असते, पण घरी चीक लावून पाहू नये. नसलेली ॲलर्जी त्यानेच लागू शकते.

गराची ॲलर्जी जडली की वयाबरोबर ती जाणाऱ्यांचं प्रमाण कमी, साधारण दहांत एक. त्यामुळे रोजच्या ताटाचा बंदोबस्त करावाच लागतो. काजू कतली ओळखू येते. न ओळखू येणारी ठिकाणं म्हणजे पनीर बटर मसाला आणि कोर्म्यातली काजू-मगज पेस्ट, मसालेभात, आइस्क्रीमचा बेस, दुधाशिवायचं चीज, पेस्टो, चिवड्याच्या तळाशी उरलेले तुकडे. हॉटेलात ‘काजू घालू नका’ म्हटलं की वरचे काजू काढतात. विचारायचं ते ‘ग्रेव्हीची पेस्ट कशाची आहे’. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात कठीण कवचाचा सुका मेवा असेल तर तो वेगळा जाहीर करावा लागतो. सुट्ट्या मिठाईला असं ॲलर्जीचं लेबल नसतं, आणि कतलीची सुरी बर्फीवर फिरलेली असते. नातवंडाला काजूची ॲलर्जी असेल आणि डबा परदेशी पाठवायचा असेल तर बेसनाचे लाडू काजूच्या पदार्थांआधी, काजू वाटलेल्या मिक्सरच्या भांड्यापासून लांब, वळून घ्यावेत.

बदाम गुलाबाच्या कुळातला, शेंगदाणा कडधान्यांचा, नारळ ताडाचा. चाचणीत कोरे निघालेले आणि दवाखान्यात देखरेखीखाली थोडं थोडं खाऊन पाहिलेले हे पदार्थ बंद ठेवू नयेत, उलट नियमित खाऊ घालावेत. लहान मुलांत महिनोन् महिने बंद ठेवलेल्या पदार्थाचीच नवी ॲलर्जी उगवण्याचा धोका असतो.